राहिलेला अकरावा पाठ

सर,

आमचं घर घोड्यावर असायचं. तुम्हाला हे ठाऊक होतं, पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत. म्हणून आज तिथूनच सुरुवात करतो. घोड्याच्या एका अंगाला भांड्यांचं बोचकं, दुसऱ्या अंगाला मेंढरं कोंडायची जाळी, मागं कोंबड्यांचा डालगा आणि सगळ्यांच्या वर दोन-तीन दिवसांची कोकरं. कोकरांच्या मधे मी. दिवाळी झाली की आमचं गाव, कवठे येमाई, सोडायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. मधले सगळे महिने आईची चूल म्हणजे जिथं बसू तिथले तीन दगड. दूध असलं तर भाकरी दुधात, नसलं तर पाण्यात. माझी थोरली बहीण मुक्ता शाळेची पायरी चढली नाही, कारण कोकरं कुणीतरी सांभाळायला हवी होती. मला मामाच्या घरी ठेवलं म्हणून मी शिकलो. त्या घरात दोघांतल्या एकालाच ठेवण्याएवढी जागा होती. हे मी आजही विसरलेलो नाही.

मग एका वर्षी रोग आला. दीडशे मेंढरं होती, तीस-पस्तीस उरली. आबांनी लांबच्या वाटा सोडल्या आणि शिरूर-दौंडच्या मधल्या रानांत मेंढरं बसवायला लागले. ज्याला खत हवं त्याच्या शेतात चार दिवस मुक्काम, मग पुढचं शेत. लोक "ए धनगरा" म्हणून हाक मारायचे. माझे वडील "जी" म्हणायचे.

त्या घरातला मी पहिला पदवीधर. हे मी मिरवतो, सर. मिरवू नये असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरात पदव्या आधीपासून असतात.

तुम्हाला जाऊन आज तीन आठवडे झाले. दौंडला तुमच्या दारात मांडव होता, बुद्धवंदना झाली, लोक चांगलं बोलले. कुठं जन्मले, किती वर्षं नोकरी केली, किती शिक्षक घडवले. मी मागं उभा होतो. मला त्यातलं काही लिहायचं नाही. तुमचं-माझं एक भांडण नऊ वर्षं पडून होतं. ते कसं संपलं एवढंच सांगायचं आहे, आणि सांगायला आता तुम्ही नाही.

आपलं बी.एड. कॉलेज आठवतं? भांडगावच्या अलीकडं, सोलापूर रोडला लागून, जुन्या पोल्ट्रीच्या शेडमधे. संस्था खाजगी, अनुदानाचा पत्ता नाही, पोरंपोरी सगळी मिळून साठ. पाऊस पडला की पत्र्याच्या आवाजात मानसशास्त्राचा तास आपोआप बंद व्हायचा आणि ऊन तापलं की भिंतीतून कोंबड्यांचा वास उठायचा. तुम्ही त्याला "आपलं विद्यापीठ" म्हणायचात. पहिल्या दिवशी मला वाटलं, थट्टा करताय. नंतर कळलं, थट्टा नव्हती.

तुम्ही आम्हाला विज्ञान कसं शिकवावं ते शिकवायचात. आम्ही सगळे बी.एस्सी. होऊन आलेलो, आम्हाला वाटायचं विज्ञान येतंय, आता फक्त फळ्यावर नीट लिहायला शिकायचं. पहिल्याच तासाला एका पोरीनं विचारलं, "सर, बर्फ पाण्यावर तरंगतो, मग तूप गोठल्यावर पातळ तुपात बुडतं का?" तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "मला माहीत नाही." दुसऱ्या दिवशी घरून स्टोव्ह, पातेलं आणि वाटीभर तूप घेऊन आलात. गोठलेलं तूप बुडालं. तुम्ही टाळी वाजवलीत. सर, शिक्षक "मला माहीत नाही" म्हणतो आणि वर्गासमोर त्याची उंची कमी होत नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. शेजारचा भाऊसाहेब म्हणाला, "ह्यांना काहीच येत न्हाई वाटतं." मी त्याला कोपर मारलं.

आणि तुमची ती बसायची पद्धत. आम्ही जवळच्या शाळांत सराव पाठ घ्यायला जायचो. बाकीचे प्राध्यापक वर्गाच्या मागं खुर्ची टाकून बसायचे, आवाज कसा, फळा कसा, सगळं वहीत टिपायचे. तुम्ही कधी मागं बसला नाहीत. पोरांच्या बाकावर जिथं जागा दिसेल तिथं, गुडघे पोटाशी घेऊन, एका मुलाशेजारी बसायचात आणि तासभर त्या एका मुलाकडं बघायचात. "मागून शिक्षकाचं तोंड दिसतं," म्हणायचात, "ते बघून मी काय करू? लग्न जमवायचंय का तुमचं?" तुमचे शेरे पेन्सिलीचे असायचे आणि त्यात आमच्याविषयी काही नसायचं. "तिसऱ्या बाकावरच्या मुलाने दहा मिनिटे खिडकीबाहेरची म्हैस पाहिली. म्हैस जास्त चांगली शिकवत होती." हा माझ्या चौथ्या पाठाचा शेरा.

भाऊसाहेबाची गंमत तर अख्ख्या तालुक्यात झाली. त्यानं पोरांना आदल्या दिवशी गोळ्या वाटून ठेवलेल्या. सगळ्यांनी हात वर करायचा, पण येत असेल त्यानं उजवा आणि येत नसेल त्यानं डावा. वर्ग कसा, हातांचं रान उठलेलं. तुम्ही शांतपणे बाकावर बसून होतात. तास संपल्यावर म्हणालात, "भाऊसाहेब, तुझ्या वर्गात डावरी पोरं फार आहेत रे. उजवा हात उठतच नाही. पोलिओचा डोस दिला का सगळ्यांना?"

आता अकराव्या पाठाकडं येतो.

सातवीचा वर्ग. घटक, रवंथ करणारे प्राणी. प्रत्येक पाठाला एक साधन लागायचंच, आणि चार्ट काढायला वेळ कुणाला होता? दौंडच्या स्टेशनबाहेर एक पेंटर होता. गाड्यांच्या नंबरपाट्या, दुकानांचे बोर्ड आणि बी.एड.वाल्यांचे चार्ट, सगळं तोच करायचा. त्यानं रंगवलेला मेंढीचा चार्ट तीन बॅचपासून हातोहात चालत आलेला. पोटाचे चार कप्पे चार रंगांत, बाण, नावं, सगळं ठळक. मेंढीचं तोंड उघडं आणि त्यात वर-खाली अशी पांढरीशुभ्र बत्तिशी. मंजनाच्या जाहिरातीतली बाई हसावी तशी ती मेंढी हसत होती.

मी चार्ट टांगला, पट्टीनं तोंडावर टेकवून म्हणालो, "मेंढी वरच्या आणि खालच्या दातांनी गवत तोडते."

तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, निळा फ्रॉक. नाव सुरेखा, हे मी हजेरीत वाचलं होतं. म्हणाली, "सर, मेंढराला फुडचं वरचं दात नसत्यात."

वर्ग हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, धनगराची हाय ती! मेंढरं चारती!"

मी पण हसलो, सर. आणि म्हणालो, "खाली बस. चार्ट नीट बघ."

ती बसली. तुम्ही तिच्याच शेजारी बसला होतात.

माझ्या टाचणवहीत अकराव्या पाठाखाली तुमची पेन्सिल अजून आहे. "खाली बसल्यावर तिने वही मिटली. पुन्हा उघडली नाही. पाठ रद्द. पुन्हा घ्यावा." बस. मला ओरडला असतात तर बरं झालं असतं.

कॉलेजवर परत येताना टमटममधे मी तुम्हाला म्हणालो, "सर, चार्ट चुकीचा होता, मला दिसलंच नाही." तुम्ही "हं" म्हणालात. पुढं नऊ वर्षं मी हेच सांगत आलो. आज खरं लिहितो. मला दिसलं होतं. पेंटरच्या दुकानाबाहेर भाऊसाहेबानं तो चार्ट माझ्या हातात उलगडला तेव्हाच दिसलं. मेंढरांची तोंडं उघडून वय बघण्यात माझं बालपण गेलं. आबा दोन बोटांनी ओठ वर करायचे आणि मी दात मोजायचो. पण मी चार्ट बदलला नाही. कारण बदलला असता तर कुणीतरी विचारलं असतं, तुला कसं रे माहीत? कॉलेजात मी "वडील शेती करतात" असं सांगितलं होतं. बिरदेव हे धनगरांच्या देवाचं नाव लपत नव्हतं म्हणून बी. एम. लावायचो. त्या मुलीनं जे वर्गात उभं राहून सांगितलं, ते सांगायला पदवी घेतलेल्या माझ्या अंगात धमक नव्हती. आणि वर मी तिलाच हसलो.

तुम्हाला हे कळलं होतं, असं मला आता वाटतं. नाहीतर पुढच्या रविवारी तुम्ही आला नसतात.

आमची मेंढरं तेव्हा न्हावऱ्याकडं एका उसाच्या खोडव्यात बसवलेली. मी सुट्टीला गेलेलो, खाटेवर पडून होतो. बांधावरून एक स्कूटर ढकलत कोण येतंय बघतो तर तुम्ही. पांढरा शर्ट, खिशाला पेन. वाटलं, आता आबांना सगळं सांगणार.

तुम्ही मला बघितलंसुद्धा नाही. आबांपुढं हात जोडलेत. "आबा, मी मुलांना शिकवणारे मास्तर तयार करतो. मेंढीच्या दातांचं मला काही माहीत नाही. शिकवाल का?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग तुमच्या बुटांकडं. म्हणाले, "बूट काढा. लेंड्यांत खराब व्हत्याल."

आणि तुम्ही बूट काढून, पँट दुमडून मेंढरांत शिरलात. सकाळी दहाला शिरलात ते दुपारपर्यंत. आबांनी एक मेंढी गुडघ्यांत धरली, ओठ वर केला.

"हितं बोट घाला, मास्तर."

"चावणार नाही ना?"

"फुडं कशानं चावंल? वर दातच न्हाईत. नुसती हिरडी हाय, पाट्यावानी. मागं मातर नगा जाऊ, तिथं दाढा हायत. बोट माघारी यायचं न्हाई."

तुम्ही बोट घातलंत. तुमचा चेहरा, सर! ते तूप बुडालं त्या दिवशीसारखा. "अरे, खरंच पाटा आहे!" तुम्ही ओरडलात आणि मेंढी दचकून पळाली. मुक्ता पदर तोंडाला लावून हसत होती. मग आबांनी तुम्हाला एकेक तोंड दाखवलं. ही आदत, अजून दुधाचे दात. ही दोन दाती. ही चार दाती. ही जुळली, म्हणजे आठही दात आलेली. तुम्ही गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होतात, चुकलात की आबा म्हणायचे, "न्हाई न्हाई, परत बघा." माझ्या प्राध्यापकांना माझे वडील "परत बघा" म्हणत होते. तुम्ही परत बघत होतात. शेवटी आबांनी तुमची परीक्षा घेतली. सहा मेंढ्या, सहा वयं. पाच बरोबर आली.

"पाच आली म्हंजी पास हाय," आबा म्हणाले.

मी खाटेजवळ उभा होतो. मला उभ्या जन्मात असं काही बघायला मिळालं नव्हतं. तीस-पस्तीस मेंढरं, एक दुमडलेली पँट आणि आमचा बाप शिकवतोय. मी वर्षभर ज्याची लाज झाकत फिरत होतो, तो तुम्ही उघड्यावर, उन्हात, वहीत उतरवून घेतला.

निघताना तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडं वळलात. "बिरदेव, आता त्या मुलीला वर्गात सांगून ये. मी चुकलो म्हण. मग अकरावा पाठ पूर्ण."

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

मी म्हणालो, "सर, एकटीला बोलावून सांगतो. वर्गात माफी मागितली तर पोरं डोक्यावर बसतील."

"बसू देत. डोकं मजबूत कर."

"तुमचं ठीक आहे सर. तुम्ही चुकलो म्हणालात तर लोक म्हणतात, मोठा माणूस. आमच्यासारखा म्हणाला तर म्हणतील, धनगराला काय येणार."

तुम्ही स्कूटरच्या हँडलवर हात ठेवून थांबलात. मग हळू म्हणालात, "आणि मला काय म्हणत असतील, असं वाटतं तुला?"

तुमच्या वडिलांनी दौंडच्या रेल्वेत रुळांवर घण मारला, हे मला माहीत होतं. भाऊसाहेबासारखे लोक तुमच्या मागं काय बोलतात, तेही माहीत होतं. तरी मी तसं बोलून बसलो. त्याची माफी राहिलीच, सर. ह्या पत्रातच धरा.

मी गेलो नाही. दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या घटकावर, ध्वनीवर पाठ घेऊन रद्द झालेला पाठ भरून काढला. नियमात ते चालायचं. तुम्ही सही केलीत, पण अकरा आकडा घातला नाहीत. "सराव पाठ, बदली" असं लिहिलंत. मी बी.एड. पहिल्या वर्गात पास झालो. वर्षभरात शिरूरच्या बाजूला एका हायस्कुलात लागलो. आबांना पेढे दिले तर म्हणाले, "दात जुळलं म्हणायचं आता तुजं."

त्यानंतर आपण कितीदा भेटलो. माझ्या लग्नात आलात, मांडवात सगळ्यांसमोर कानात म्हणालात, "अकरावा राहिलाय." मुलगी झाली, फोन केला. "अभिनंदन. अकरावा?" एकदा दौंड स्टेशनवर गाठ पडली, गाडीला वेळ होता, बाकावर बसलो. मी चिडून म्हणालो, "सर, एवढ्याशा गोष्टीला किती वर्षं धरून बसणार? ती पोरगी विसरलीसुद्धा असेल."

तुम्ही रुळांकडं बघत म्हणालात, "मलाही एकदा एका मास्तरांनी खाली बसवलं होतं."

"मग?"

"मग काय. गाडी आली बघ."

तुम्ही उठलात, मला पिशवी चढवू लागलात. त्या "मग"च्या पुढचं मला कधीच कळलं नाही. आता कळणारही नाही. पण त्या दिवशी तुमचा आवाज ज्या वयाचा झाला होता, ते वय मी वर्गात रोज बघतो.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्या मांडवाच्या दिवशी काकूंनी मला आत बोलावलं. कपाटावरून एक गुंडाळी काढून दिली. "तुमच्यासाठी ठेवला होता. बिरदेव मागायला येईल, असं म्हणायचे." उलगडला तर तो चार्ट. वरच्या दातांवर तुम्ही स्वतः गुलाबी रंग देऊन हिरडी केली होती. रंग जरा बाहेर गेलाय, हात काही पेंटरचा नाही. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जिथं आम्ही छात्राध्यापक मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव लिहायचो, तिथं तुमच्या अक्षरात, "मार्गदर्शक : म्हाळू बिरा, मेंढपाळ, कवठे येमाई."

मी तो चार्ट घरी नेला. आबांना त्यांचं नाव बोटानं दाखवलं. त्यांनी बराच वेळ बोट तिथंच ठेवलं. मग म्हणाले, "मास्तर गेला व्हय." आणि थोड्या वेळानं, "चांगला शिकणारा हुता."

सर, तुमच्या मांडवात कितीजण बोलले. ह्या तीन शब्दांच्या जवळपास कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुरेखाला शोधायला निघालो. त्या शाळेत जुनी हजेरी निघाली, गाव निघालं, गावात तिची चुलती भेटली. लग्न होऊन शिक्रापूरला, नवरा-बायको दोघं कंपनीत. हायवेच्या मागं भाड्याच्या खोल्यांची ओळ, दारात चपलांचे ढीग, ट्रकांच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागतं. तिनं दार उघडलं. कंपनीचा निळा शर्ट अजून अंगावर होता. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं, मेंढीचा पाठ सांगितला. 

ती म्हणाली, "तुम्ही ते हसलेलं सर?"

"हो."

"बसा की. च्या टाकते."

चहा टाकता टाकता पाठमोरी बोलली, "लई उशीर केलासा."

"आठवत होतं तुला?"

"तुमचा पाठ काय न्हाई आठवत. पण माझ्या बाकावर एक सर बसलं हुतं. पांढरा शर्ट. तास संपल्यावर मला म्हणलं, तुझं बरोबर हाय. तुझं सर तुला सांगायला येतील, त्यांना जरा वेळ लागंल. मी आठवडाभर दाराकडं बघायची. मग सुट्टी लागली."

सर, तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत. नऊ वर्षं मला वाटलं, तुम्ही माझ्याशी हट्ट करताय. तुम्ही तर माझ्या वतीनं शब्द देऊन बसला होतात. दर भेटीत "अकरावा राहिलाय" म्हणत होतात ते तुमचा शब्द राहिलाय म्हणून, आणि मला त्याचं ओझं नको म्हणून गप्प राहिलात. मी त्या खोलीत चहाचा कप धरून बसलो आणि मला तुमची उंची दिसली. तुमच्याजवळ उभं राहून ती कधी दिसली नव्हती.

मी म्हणालो, "सुरेखा, मी चुकलो. मला माहीत होतं तुझं बरोबर आहे. मीही धनगराचाच आहे."

तिनं कप खाली ठेवला. ह्या शेवटच्या वाक्यावर तिचे डोळे बारीक झाले. "धनगराचं? आन् हसलासा?"

"हसलो," मी म्हणालो.

"मग मला एकटीला सांगून काय उपेग? हसला हुता वर्ग."

तुमचंच म्हणणं, सर. तुमच्या बाकावर बसलेलीच होती ती. मी चार्ट उघडून दाखवला. बघून ती खुदकन हसली. "आता गेलं व्हय वरचं दात! रंग कुणी दिलाय, लहान पोरानं?"

"त्याच सरांनी. गेले ते."

ती हसायची थांबली. चार्टची गुंडाळी तिनं स्वतः केली, कोपरे नीट जुळवून. म्हणाली, "गुरुवारी कंपनीला सुट्टी असती."

गुरुवारी ती आली. साडी नेसून, एस.टी.नं, एकटी. माझा सातवीचा वर्ग, पंचेचाळीस मुलंमुली. मी तिला पुढं खुर्ची दिली तर नको म्हणाली, जाऊन तिसऱ्या बाकावर कडेला बसली. मी चार्ट टांगला. मग मी त्या वर्गाला सगळं सांगितलं. घोडा, डालगा, कोकरं. आबांचं नाव वाचून दाखवलं. बी. एम. म्हणजे काय ते सांगितलं. पेंटरची मेंढी कशी हसायची ते सांगितलं तेव्हा वर्ग खदखदला, मी हसू दिलं. मग म्हणालो, "तेव्हा एक मुलगी उभी राहिली आणि तिनं मला खरं सांगितलं. मी तिला हसलो आणि खाली बसवलं. ती मुलगी आज आली आहे."

सुरेखा उभी राहिली. पदर सावरला. त्याच शब्दांत म्हणाली, "सर, मेंढराला फुडचं वरचं दात नसत्यात."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "मी चुकलो होतो."

कुणी डोक्यावर बसलं नाही, सर. मागच्या बाकावरून फक्त एवढंच आलं, "सर, मग ती गवत तोडती कशी?" मी खडू उचलला, पण सुरेखानंच सांगितलं. हिरडीचा पाटा, खालचे दात, मानेचा हिसका. वह्या उघड्या होत्या. मी बाजूला सरकलो आणि तुमच्यासारखं एका बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो.

संध्याकाळी एस.टी.च्या थांब्यावर पिशवीतून जुनी टाचणवही काढली. तुमच्या पेन्सिलीच्या ओळीखाली पेनानं लिहिलं, "पाठ पुन्हा घेतला." तुमची सही मिळायची नाही, म्हणून सुरेखाची घेतली, तिनं एस.टी.ची वाट बघत केली.

सर, अकरावा पाठ पूर्ण झाला.